तळहातावरचं पाणी

भिंतीवरची अक्षरं पुन्हा उघडी पडली, हे बकुळाला कळलं ते शेजारच्या आनंदीबाईंच्या चेहऱ्यावरून. आनंदीबाई गॅलरीच्या कठड्यावर वाकल्या होत्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून हसत होत्या.

"गो बकुळा, हयसर ये. बघ तरी! चुन्याक पण आपलोच पुळको इलो."

बकुळा कठड्याशी आली. चाळीची बाजूची एक भिंत तिथून तिरपी दिसायची, चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली. काल संध्याकाळी पोलिसांनी ती दुसऱ्यांदा पांढरी करून घेतली होती. आज सकाळी त्या पांढऱ्यावर काळी अक्षरं पहिल्यापेक्षा ठळक दिसत होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' चुना अक्षरांच्या कडेपर्यंत गेला होता आणि तिथेच थांबला होता. अक्षरांवर त्याचे नुसते सुकलेले ठिपके होते, नखानं उडवावेत असे.

आनंदीबाईंना हसू येत होतं. बकुळाला मात्र हसता आलं नाही.

कारण ते काळं तिच्याच चुलीवर कढलं होतं.

जानेवारी छप्पनचे दिवस होते. संक्रांत नुकतीच झाली होती, तिळाचे लाडू अजून डब्यात होते, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवर ऐकून सगळं लालबाग-परळ रस्त्यावर आलं होतं. मग अश्रुधूर, मग गोळ्या, मग कर्फ्यू. मागच्या गल्लीत दुधाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गोळी लागली होती, त्याची किटली दोन दिवस तिथेच आडवी पडून होती. गिरण्यांचे भोंगे बंद होते. सकाळी थोडा वेळ पाणी-किराण्याला सवलत मिळायची, तेवढ्यात माणसं धावत जाऊन धावत परत यायची.

बकुळाचा नवरा सीताराम आईच्या आजारपणामुळे गावी, देवगडकडे गेला होता. घरात ती आणि रघू. रघू तिचा दीर. ती लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा तो नाक पुसायला तिचाच पदर ओढायचा. आता मिशी फुटली होती आणि गिरणीत कांजीखात्यात कामाला लागला होता. तिथे सुताला खळ लावतात. खळीत मेण आणि चरबी घालतात, म्हणजे सूत गुळगुळीत होतं आणि मागावर तुटत नाही. त्याच मेणाचा एक गोळा त्यानं गिरण्या बंद व्हायच्या आदल्या दिवशी डब्यातून घरी आणला होता.

"वैनी, जुनं पातेलं दे. मेण वितळवायचं आहे. आणि चुलीची काजळी."

"कशाक?"

"भिंतीवर लिहायला. नुसत्या काळ्यानं लिहिलं की हे लोक वरून चुना मारतात, संपलं. मेणानं लिहिलं की मारा म्हणावं किती मारता ते." आणि मग तो लहानपणी हसायचा तसा हसला. "गावी अळवाच्या पानावर पाणी घालून बघायचो ना आपण? थेंब नुसता पळत सुटतो, पान कोरडं ते कोरडंच. चुना म्हणजे तरी काय, पाणीच की."

तिनं पातेलं दिलं होतं. नको म्हणायला हवं होतं, पण दिलं. दिल्लीचं ऐकून तिलाही झोप लागली नव्हती.

पण काल संध्याकाळी फौजदारानं चुना चिकटून बसावा म्हणून त्यात सरस घालायला लावला होता. त्या दाट चुन्यानं अक्षरं बऱ्यापैकी झाकली गेली होती. झाकली गेली म्हणून बकुळानं देवाला हात जोडले होते. मग आज ही परत कशी आली?

ती मागे वळून खोलीत गेली. रघू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादरीतून बाहेर आलेला त्याचा हात तिनं धरला आणि उलटा केला. बोटांच्या पेरांत, नखांच्या खाली, तळहाताच्या रेघारेघांत मेण भरलं होतं, काजळीनं करडं झालेलं.

"पहाटे गेलंस?"

रघू उठून बसला. "चुना ओला होता अजून. गोणपाटानं पुसून काढला आणि गोळा घासला वरून. कुणी नाही बघितलं वैनी, देवाशप्पथ."

"माका न सांगता?"

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मग बुटांचा.

फौजदार उतरला. त्याच्याबरोबर बंदूकवाले चार शिपाई, आणि दोघांच्या मध्ये बुधाजी जाधव. बुधाजी पलीकडच्या चाळीत राहायचा, रंगसफेदीची कामं करायचा. दोन्ही वेळा भिंत पांढरी करायला पोलिसांनी त्यालाच घरातून उठवून आणलं होतं. आज त्याच्या हातात कुंचा नव्हता, आणि कानशील सुजलेलं होतं.

"काय मिसळलंस चुन्यात?" फौजदाराचा आवाज तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला. बोलणं साताऱ्याकडचं होतं. "खरं सांग. मोर्चेवाल्यांनी काय दिलं तुला मिसळायला?"

"काय नाय मिसळलं साहेब. तुमच्यासमोर कालवला." बुधाजी बोलताना एका बाजूनंच ओठ हलवत होता. "भिंत पाणी पिते म्हणून चुना बसतो. हितं भिंत पाणीच पीत नाय. हात लावून बघा तुमी."

फौजदारानं त्याला आणखी एक लगावली. तरी पुढे होऊन त्यानं 'म' वर अंगठा घासला, नाकाशी नेला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंगठा काळा झाला होता. त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं नळावरून तांब्या भरून आणला आणि साहेबाच्या अंगठ्यावर पाणी ओतलं.

बकुळा वरून बघत होती. फौजदार हात धुवायला लागला आणि मधेच थांबला. त्यानं अंगठा डोळ्यांजवळ नेला. बाकीचा हात ओला झाला होता, पण अंगठ्यावर पाणी पसरतच नव्हतं. थेंब गोल होऊन बसले होते, हात कलता केला की घरंगळत होते. त्यानं पुन्हा ओतायला सांगितलं. पुन्हा तेच. मग त्यानं मान वर केली आणि एकेक गॅलरी पाहत गेला. त्याची नजर आपल्या मजल्यावर आली तेव्हा बकुळाला आपण कठडा घट्ट धरला आहे हे समजलं, पण तो सोडता येईना.

"चाळीतले सगळे बाप्ये खाली!" तो ओरडला. "तळमजल्यापासून. एकेका खोलीतले. हात पुढं करून रांगेत उभं राहायचं. ज्याच्या हातावर पाणी असं थेंब होऊन बसेल, तो माझा."

रघू तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

बकुळानं त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लोटलं. तिला वाटलं होतं, अशा वेळी माणूस रडतो, देवाचं नाव घेतो. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. तिनं हंड्यातलं पाणी परातीत ओतलं आणि साबणाची वडी त्याच्या हातात कोंबली. रघूनं घासलं. साबणाचा करडा लगदा झाला, पाणी गढूळ झालं, आणि वरून स्वच्छ पाणी घातलं तर तळव्यावर तेच गोल थेंब.

"गार पाण्यान मेण आनी घट्ट होतला," ती स्वतःशीच म्हणाली.

शेगडीतले कोळसे विझत आले होते. पंख्यानं वारा घालून पाणी तापवायचं म्हटलं तर खालचे सगळे होऊन आपल्या मजल्याची पाळी यायची. मोरीच्या कोनाड्यात मेणाचा उरलेला गोळा फडक्यात बांधून ठेवलेला होता. खोलीची झडती झाली तर तोही सापडणार. तिनं पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि तो गोळा खाली कोळशांवर टाकला. भसकन ज्योत उठली, पत्र्यापर्यंत गेली. पातेल्यातलं पाणी लगेच सळसळायला लागलं. पण चरबी जळायचा असा उग्र दर्प सुटला की तिला ठसका लागला. धूर दाराच्या फटीतून गॅलरीत निघाला.

दार वाजलं.

"बकुळा, काय जळता गो?" आनंदीबाई होत्या. त्या दार ढकलून आत आल्या. त्यांनी शेगडीकडे बघितलं, परातीत हात घालून बसलेल्या रघूकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सकाळचं हसू कुठल्या कुठे गेलं. मग त्या आल्या तशा परत गेल्या.

सांगतील, बकुळाच्या मनात आलं. त्यांचा मुलगा पण रांगेत उभा राहणार आहे. आई आहे ती. सांगतील.

पण थोड्याच वेळात शेजारच्या खोलीतून तव्यावर काहीतरी चरचरलं आणि सुक्या बोंबलांचा करपट वास सगळ्या गॅलरीत भरला. आनंदीबाई बोंबील भाजत नव्हत्या, जाळत होत्या. खालून कुणी शिपाई नाक मुरडून काहीतरी म्हणाला आणि दुसरा हसला. चरबीचा वास त्यात बुडून गेला.

बकुळानं कढत पाण्यात राख कालवली आणि रघूचे हात त्यात दाबले. तो ओठ चावून बसला. नारळाच्या शेंडीनं तिनं पेर न् पेर घासलं, नखांखाली काडी घातली. कातडी लाल झाली, मनगटाशी सोलवटली. तिला आठवलं, लहानपणी त्याला गोवर आला होता तेव्हा हेच हात खाजवू नयेत म्हणून तिनं रात्रभर धरून ठेवले होते. ती घासत राहिली.

मग तिनं तांब्यातून धार धरली. बोटांवर पाणी पसरलं. तळव्याच्या मध्यावर पसरलं. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे गोळा दाबून धरला होता, तिथे मात्र अजून थेंब उभा राहत होता, हरभऱ्याएवढा आणि चकचकीत.

"दुसरा मजला!" खालून आवाज आला. "चला, उतरा!"

"वैनी, जातो मी," रघू म्हणाला. "काय व्हायचं ते होऊ दे."

"गप बस."

रविवारी डोक्याला तेल लावून न्हायचं म्हणून तिनं रिठे भिजत घातले होते. कर्फ्यूत न्हाणं राहून गेलं आणि रिठे वाटीत तसेच होते, पाणी तपकिरी झालेलं. तेलानं थापलेल्या केसांवर नुसतं पाणी घातलं तर ते वरून निघून जातं आणि रिठ्याचं बोट लागलं की केसाच्या मुळापर्यंत शिरतं, हे ती जन्मभर बघत आली होती. त्याहून जास्त विचार तिनं केला नाही. तिनं रिठे कुस्करले, तो बुळबुळीत रस त्याच्या दोन्ही तळव्यांना चोळला आणि पदरानं वारा घातला. "धुवायचा नाय. तसाच सुकू दे."

पुन्हा एक थेंब. थेंब अंगठ्याच्या मुळाशी पडला, जरा अडखळला, आणि पसरला.

जाता जाता तिनं उरलेला तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. "इचारल्यान तर सांग, न्हात होतंय."

रघू ओल्या डोक्यानं जिना उतरला. ती गॅलरीत आली. आनंदीबाई तिथेच होत्या. दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

खाली चौकात पुरुषांची रांग होती, सगळे भीक मागायला उभे असावेत तसे हात पुढे करून. तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे तपासून झाले होते, ते एका बाजूला उकिडवे बसले होते. शिपाई तांब्यातून धार सोडायचा, फौजदार वाकून बघायचा, "हं, हो पुढं," म्हणायचा. तांब्या संपला की नळावर जाऊन भरून आणायचा.

रघूची पाळी आली.

पाणी पडलं. पसरलं. फौजदार पुढच्याकडे वळणार इतक्यात थांबला. त्यानं रघूचं मनगट धरलं. मनगटाशी, पाणी ओघळत होतं तिथे, दोन-चार बारीक बुडबुडे आले होते.

"फेस कसला?"

रघू बोलेना. बकुळानं मनात ओरडून सांगितलं, बोल, बोल रे.

"न्हात होतो साहेब. रिठ्यानं."

"कर्फ्यूत न्हाणं सुचतंय." फौजदारानं त्याच्या ओल्या केसांकडे बघितलं, मग सोललेल्या हाताकडे. "हे काय झालं?"

"कांजीखात्यात आहे. कढत खळ उडते."

फौजदार त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. किती वेळ, हे बकुळाला पुढे कधी सांगता आलं नाही. मग त्यानं मनगट सोडलं. "हो पुढं."

बकुळानं श्वास सोडला तो अर्धाच.

कारण रघूच्या मागे नाना उभे होते. नाना म्हणजे कोपऱ्याच्या खोलीतले म्हातारे साचेवाले, मागावर काम केलेले. त्यांना गिरणीतून घरी बसून बरीच वर्षं झाली होती. सांधे आखडलेले, बोटं वाकडी. रोज सकाळी उन्हात बसून ते गुडघ्यांना आणि बोटांना तिळाचं तेल चोळायचे. आजही चोळलं होतं.

त्यांच्या हातावर पाणी पडलं आणि मोत्यांसारखं उड्या मारत खाली गेलं.

"सापडला," फौजदार म्हणाला.

"तेल हां साहेब," नाना म्हणाले. "तेल लावलंय. सांधे धरतत माजे."

"तेल!" फौजदारानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली. "रात्री भिंती रंगवायला सांधे धरत नाहीत? कुणी लिहिलं, नाव सांग. नाव सांगितलंस तर सोडतो. नाहीतर गाडीत बस."

नाना त्याच्या मुठीत लोंबत होते. त्यांची मान हलत होती, हो की नाही ते कळत नव्हतं. त्यांच्या धोतरावर एक ओला डाग उमटला आणि पायापर्यंत पसरत गेला. चाळीतली सगळी माणसं दुसरीकडे बघायला लागली.

बकुळानं रघूकडे पाहिलं. तो तपासलेल्यांच्या घोळक्यात उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. त्याची मूठ वळलेली होती. पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागच्या जागी होते. ते हलावेत असं तिला वाटत होतं आणि हलू नयेत असंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची तिला इतकी भीती वाटली की ती खोलीत पळाली.

फळीवर खोबरेलाची बाटली होती. थंडीनं तेल थिजलं होतं. तिनं बोट घालून गोळाच काढला आणि दोन्ही हातांना फासला. जिन्याच्या पायऱ्या तिला दिसत नव्हत्या, ती सवयीनं उतरली.

"साहेब."

फौजदारानं वळून बघितलं. "बायकांना कुणी बोलावलं? वर जा."

"माज्या हातावर पण वता." ती थेट त्याच्यासमोर गेली. "पाणी थेंब होऊन बसला की तो तुमचो, असा तुमीच म्हणालात."

"बाई, डोकं फिरलंय का तुझं?"

ती हात पुढे करून उभी राहिली. तांब्या धरलेल्या शिपायानं साहेबाकडे पाहिलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, साहेबानं काही म्हणायच्या आत त्यानं धार सोडली. पाणी तिच्या तळव्यांवर पडलं आणि थेंब थेंब होऊन घरंगळलं. एकही ठरला नाही.

"केसांना तेल लावतंय मी रोज," बकुळा म्हणाली. "नाना सांध्यांना लावतत. आमका दोघांक पण न्या."

तिच्या मागे जिन्यावर पावलं वाजली. तिनं वळून बघितलं नाही. बोंबलाच्या वासावरून तिला समजलं की शेजारी आनंदीबाई येऊन उभ्या राहिल्या आहेत. त्यांनीही हात पुढे केले, तेलानं माखलेले. मग तळमजल्यावरची पोळ्या लाटणारी, मग आणखी कुणी, मग आणखी. कुणी घोषणा दिली नाही. नुसते हात पुढे. वर गॅलरीतही बायका उभ्या होत्या.

एका शिपायानं खांद्यावरची बंदूक हातात घेतली. तिचा खटका वाजला.

मागच्या गल्लीतली ती किटली बकुळाच्या डोळ्यांपुढे आली. आपल्यामागे या सगळ्या उभ्या आहेत, आणि आपण त्यांना इथे आणलं, असं तिला वाटलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, जा, वर जा सगळ्या. ती फौजदाराकडे बघत राहिली, आणि तेव्हा तिला दिसलं की जानेवारीच्या थंडीत त्याच्या कानामागून घाम ओघळतो आहे. त्यानं गॅलऱ्यांकडे बघितलं, आपल्या चार शिपायांकडे बघितलं. मागच्या गल्लीतल्या गोळीबाराच्या वेळी तो तिथे होता की नाही, हे चाळीतल्या कुणाला माहीत नव्हतं. पण तो बघत होता ते काहीतरी आधी बघितलेलं असावं तसं.

"बंदूक खाली घे," तो शिपायाला म्हणाला. आवाज हळू होता. मग त्यानं नानांची कॉलर सोडली. नाना मटकन खाली बसले. "घरात न्या ह्या म्हाताऱ्याला. चला, सगळे वर. बुधाजी! छिन्नी-हातोडी घेऊन ये. चुन्याचं नाव काढू नको. गिलावाच उतरव सगळा. दुपारी वरचे साहेब ह्या रस्त्यानं जाणार आहेत, मला तिथं एक अक्षर दिसता कामा नये."

दुपार टळेपर्यंत छिन्नीचे घाव ऐकू येत राहिले. बुधाजीनं भिंत विटांपर्यंत सोलली. एक शिपाई त्याला हातभार लावत होता. वरचे साहेब त्या रस्त्यानं आले की नाही, कुणाला कळलं नाही. संध्याकाळी पोलिसांची गाडी निघून गेली. बुधाजी जाताना नळावर तोंड धुवायला थांबला, तेव्हा बकुळानं वरून चहाचा पेला पाठवला. त्यानं तो उभ्या उभ्या घेतला आणि वर बघून नुसती मान हलवली. भिंत कुणी लिहिली, असं त्यानं ना तेव्हा विचारलं, ना नंतर कधी.

बकुळानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. शेवटी आनंदीबाईंनी त्यांच्याकडचा भात आणून दिला. रघूनं ताटाला हात लावला नाही.

"वैनी, मी पुढे होणार होतो," तो म्हणाला. "तू उतरलीस म्हणून... नाहीतर मी नानांसाठी पुढे होणारच होतो."

बकुळानं त्याच्याकडे बघितलं. ते जागचे न हललेले पाय तिनं बघितले होते. आणि आपण मनात काय मागितलं होतं तेही तिला ठाऊक होतं.

"जेव," ती म्हणाली. "आणि जेवलंस की नानांकडे जा."

"काय सांगू जाऊन?"

"ता तुका ठाऊक."

तो जेवला नाही, तसाच उठला. बकुळा त्याच्या मागोमाग गेली, पण दाराबाहेरच थांबली. नाना खाटेवर पडले होते. धोतर बदललेलं होतं, जुनं धुऊन दोरीवर टाकलेलं होतं. रघू खाटेशी जमिनीवर बसला आणि मान वर न करता म्हणाला, "नाना, भिंत मी लिहिली होती."

नानांनी त्याच्याकडे कूस वळवली.

"माका काय सांगतंस?" ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाक झोप येता खय? दोनूय येळा गॅलरीतसून बघितलंय तुका. 'झालाच' मधलो काना इसारलंस आनी मगे परत येऊन दिलंस."

रघूनं डोकं वर केलं. "मग त्यानं नाव विचारलं तेव्हा..."

"इचारल्यान. खूप भिऊन गेलंय रे झिला. इतको जन्मात भिऊक नव्हतंय." नानांनी वाकडी बोटं छातीवर ठेवली. "तोंडातसून नाव पडात म्हणान दात दाबून धरलंय. तर खालसून..." ते थांबले, आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

रघू रडायला लागला. मोठ्यानं नाही, खांदे हलत होते तेवढेच. नानांनी त्याच्याकडे न बघता हात मागे केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

बकुळा दारातून मागे सरली. गॅलरीत आनंदीबाई करपलेला तवा राखेनं घासत बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा करून दिली. बकुळा त्यांच्या शेजारी बसली आणि तव्याची दुसरी कड धरून तीही घासू लागली.